काचेआड जाताना

मी हसनाच्या लग्नाच्या झग्यावरचा, छातीवरच्या भरतकामाचा तुकडा बोलतोय. अल-खलील शहराजवळच्या गावात, अंजिराच्या सावलीत बसून तिनं मला लाल रेशमानं भरलं. पुढे लढाईत गाव सुटलं. अम्मानला आल्यावर झगा विरला, तेव्हा तिनं मला तेवढं उसवून काढलं आणि उशीच्या अभ्र्यात जपलं. तिथं घड्यांवर माझे धागे तुटू लागले होते.

म्हणून तिची मुलगी रुदैना मला नझमीच्या फ्रेमच्या दुकानात घेऊन आली. मागोमाग हसनाही काठी टेकत आली. टेबलावर गोंदाचा उघडा डबा दिसला आणि माझा जीव टांगणीला लागला.

"चिकटवणार नाही, ताई," नझमी म्हणाला. "सुती कापडावर बारीक टाक्यांनी बसवतो. काचेला टेकू देणार नाही."

"आणि हा पिवळा डाग?" रुदैनानं विचारलं. "मुलाच्या लग्नाला पाहुणे येतील. धुऊनच टाका."

नझमीनं कापसाचा ओला बोळा माझ्या कोपऱ्याला टेकवला. बोळा लाल झाला.

"रंग सुटतोय. धुतलं तर सगळं कापड लालेलाल होईल."

"मग डागापुरतं पुसा. हळूच."

नझमी घुटमळला. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं असावं. त्यानं नवा बोळा पाण्यात बुडवला. मला ओरडता कुठं येतंय?

हसनानं त्याचं मनगट धरलं.

"ते दूध आहे," ती म्हणाली. "गाव सोडून चालत होतो. चालता चालताच यूनुसला पाजत होते मी. तो रस्त्यातच गेला."

आपल्याआधी एक भाऊ होऊन गेला, एवढंच रुदैनाला ठाऊक होतं. कसा गेला, ते आईनं कधी सांगितलं नव्हतं. रुदैनानंच नझमीच्या हातातला बोळा घेऊन बाजूला ठेवला.

"असू दे, नझमीभाऊ. आहे तसंच बसवा."

आता मी रुदैनाच्या बैठकीत आहे. पाहुणे कॉफी पितात, मला छान म्हणतात. हसना गेल्या हिवाळ्यात वारली. दुपारचं ऊन खिडकीतून भिंतीवर चढतं आणि माझ्याकडे सरकत येतं. ती होती तोवर पडदा ओढायची. रुदैना कधी ओढते, कधी कामात विसरते. आज ऊन चौकटीला लागलंय. माझा रंग एकदा उडाला, की तो कुणालाच परत आणता येणार नाही.

घरात कुणी आहे का? तेवढा पडदा ओढा.