कडेची पोरगी

चंद्रप्पांनी आपल्या फोटो स्टुडिओत निगेटिव्हची पट्टी उजेडाच्या काचेवर ठेवली आणि डाव्या टोकाशी बोट नेलं. बावीस वर्षांपूर्वीचा पाचवीचा वर्ग, तीन रांगांत. मधल्या रांगेत अगदी कडेला उभी होती ती केरबाची अयोध्या.

केरबा उदगीरजवळच्या खेड्यातून सकाळीच येऊन गेला होता. हा फोटो काढला त्याच वर्षी पोरगी तापात गेली. घरात तिचा तेवढा एकच फोटो. यंदा छत गळालं आणि तोही भिजून पुसला गेला.

"तिचं तोंड तेवढं मोठं करून द्या, अप्पा. तिची माय नुसती रिकाम्या भिंतीकडं बघून राहिली," एवढंच तो बोलला होता.

चंद्रप्पांच्या लेकीनं, रुद्राणीनं, आपल्या डिजिटल कॅमेऱ्यात ती निगेटिव्ह उतरवून घेतली आणि पडद्यावर वाढवली. मधल्या पोरांच्या शर्टाची बटणं मोजता येत होती. अयोध्येपाशी मात्र सगळं पसरलं. डोळ्यांच्या जागी दोन सावल्या.

"हलली का ही?"

"न्हाई. पोरगी हलली न्हाई." चंद्रप्पा खुर्चीत टेकले. "आभाळ भरलं होतं त्या दिवशी. मी लेन्स पूर्ण उघडली. तेवढी उघडली की कडंचं साफ धरत न्हाई ती, ठाऊक होतं मला. म्हटलं, हाताएवढ्या फोटोत कोण बघतंय."

रुद्राणीनं पडद्यावरचा तो चेहरा आणखी वाढवून पाहिला.

"अप्पा, हीच लेन्स मी परवा माझ्या कॅमेऱ्याला जोडली होती. पूर्ण उघडूनसुद्धा कडेपर्यंत साफ आलं. तेव्हा हा कॅमेरा असता तर..."

"तुझ्या कॅमेऱ्यात चित्र टिपणारा सेन्सर फिल्मपेक्षा लहान हाय. भिंगाच्या मधलं तेवढं घेतो तो." त्यांनी पडद्यावर बोटानं एक चौकट आखली. दोन्ही अंगांची दोन-दोन पोरं तिच्या बाहेर राहिली. "शाळेच्या अंगणात मागं सरायला जागा नव्हती. ह्यात ती आलीच नसती."

दुपारी रुद्राणीनं तो चेहरा कॉम्प्युटरवरच्या एका नव्या प्रोग्रॅमला दिला. मिनिटभरात सावल्यांचे डोळे झाले, पापण्या आल्या, ओठांना कड आली. तिनं मोठी प्रिंट काढली. चंद्रप्पांनी ती पाहिली. फक्त म्हणाले, "ते पहिलं पण एक काढून ठेव."

दुसऱ्या दिवशी केरबा आला. रुद्राणीनं साफ झालेला फोटो त्याच्यापुढं ठेवला. धोतराला हात पुसून त्यानं तो उचलला, पुष्कळ वेळ पाहिला.

"गोड हाय पोरगी," तो म्हणाला. "कुणाची?"

रुद्राणीची मान खाली गेली. चंद्रप्पांनी ड्रॉवर उघडला आणि दुसरी, पुसट प्रिंट त्याच्या हाती दिली.

केरबा ती घेऊन दारातल्या उजेडात गेला. अंगठा चेहऱ्यावर नेला, पण टेकवला नाही.

"चूक माझी हाय, केरबा," चंद्रप्पा मागून म्हणाले. "तिला मधी उभी करायला पाहिजे होती मी."

केरबाचं लक्ष नव्हतं.

"उभी राहिली की मान अशीच करायची," तो म्हणाला, आणि त्याची स्वतःची मान किंचित डावीकडं कलली.