मामांनी पेनल्टी दिली

बेकरी आणि लाँड्री यांची फुटबॉल मॅच वर्षातून एकदा होई, आणि तीही भर दुपारी. बेकरीची पहाटेची पाळी बाराला सुटायची आणि लाँड्रीची जेवणाची सुट्टी बाराला सुरू व्हायची. दुसरी वेळच जमत नसे. मग दोन्ही इमारतींमधल्या आवारात बावीस माणसं चेंडूमागे धावत, आणि ऊन त्यांच्यामागे.

रेफरी कायम मामा. मामा म्हणजे बेकरीचे भट्टीवाले आणि लाँड्रीच्या मालकांचे सख्खे मेहुणे. तीस वर्षं भट्टीसमोर काढल्यामुळे ऊन आपल्याला बिचकतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. म्हणून अंगात लांब बाह्यांचा जाड काळा शर्ट. मॅचभर पाणी नाही, कारण शिट्टी ओली होते. लाँड्रीला त्यांनी आजवर एकही पेनल्टी दिली नव्हती. एका वर्षी बेकरीच्या गड्याने चेंडू उचलून चक्क काखेत मारला, तेव्हाही मामा म्हणाले होते, "दिवसभर पाव उचलतो तो. हाताला सवय आहे, मुद्दाम नाही केलं."

प्रथमोपचाराची पेटी यंदा धाकटीकडे होती. धाकटी म्हणजे लाँड्रीच्या मालकांची दुसरी मुलगी. दोन दिवसांचा वर्ग करून आली होती आणि तिसऱ्या दिवसापासून घरात कुणाला निवांत शिंकता येत नव्हतं. पण मैदानावर तिच्या वाट्याला नाटकीच रोगी आले. इस्त्रीवाले काका गुडघा धरून गडाबडा लोळले.

"कुठला गुडघा, काका?"

"हा."

"मघाशी तो होता."

"दोघं एकमेकांना धरून आहेत गं," म्हणत काका उठले आणि पळाले.

तिला त्याचं वाईट वाटलं नाही. वर्गात शिकवलं होतं की जो ओरडतोय तो निदान श्वास घेतोय. नजर ठेवायची ती गप्प झालेल्यावर, नाहीतर वेगळं वागणाऱ्यावर.

मॅच संपायला दहा मिनिटं होती. बरोबरी होती. चेंडू रेषेबाहेर कुंपणापाशी पडला होता, कुणी कुणाला हातही लावला नव्हता, आणि मामांनी शिट्टी वाजवली.

"पेनल्टी," ते म्हणाले. "दाजींना."

दाजी, म्हणजे धाकटीचे बाबा, लाँड्रीच्या संघाचे कप्तान होते. त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, दुसरे कुणी दाजी उभे आहेत का म्हणून.

"मेहुणे, उशिरा का होईना, डोळे उघडले तुमचे."

"तुमचा खेळ मला आवडतो, दाजी," मामा गोड हसून म्हणाले.

धाकटी ताडकन उठली. बाबांकडे बघून गोड हसणारे मामा तिने जन्मात पाहिले नव्हते. चेहरा लालबुंद होता, पण बेकरीची सगळीच माणसं बाराही महिने लालबुंद, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. तिने पाय पाहिले. मामा कणकेवरून चालल्यासारखे चालत होते.

"मामा, किती गोल झाले?"

"भट्टी तापू दे, मग सांगतो."

"मी कोण?"

"वरच्या मजल्यावरच्या बाई ना? बसा, बसा."

तिने त्यांच्या मानेला हात लावला आणि चटकन काढून घेतला.

"घाम येतोय की त्यांना," बेकरीचा कप्तान म्हणाला. "उष्माघातात घाम आटतो."

"धावून झालेल्या उष्माघातात घाम येऊ शकतो. मॅच बंद."

"एवढी पेनल्टी मारतो गं," बाबा म्हणाले. त्यांनी चेंडू ठेवलासुद्धा होता. "तीस वर्षांत पहिली आहे. एक लाथ."

"बाबा, मामांचा मेंदू शिजतोय."

बाबा काही बोलणार, तेवढ्यात मामा संथपणे चालत आले आणि पेनल्टीच्या चेंडूवर बसले. मग चेंडूवरून घसरून मातीत.

बाबांचा चेहरा उतरला. "गाडी काढतो. वीस मिनिटांत दवाखाना."

"गाडीत वीस मिनिटं अजून तापतील. ॲम्ब्युलन्सला फोन करा, आणि ती येईपर्यंत इथेच थंड करायचं. ओल्या चादरींची टाकी आणा."

लाँड्रीची ती चाकांची टाकी चांगली लांबरुंद होती. इस्त्रीवाले काका दोन्ही गुडघ्यांनी सुसाट पळाले. बेकरीवाल्यांना बर्फाचं सांगावं लागलं नाही. यंत्रात मळताना कणीक तापते म्हणून उन्हाळ्यात ते तिच्यात बर्फाचा चुरा घालतात. त्यांचा गोलकीपर पहिलं घमेलं घेऊन आला. चादरी उपसून टाकीत पाणी आणि बर्फ भरला, आणि शर्ट काढून मामांना गळ्यापर्यंत त्यात बसवलं. खरं तापमान कुठून मोजतात तेही धाकटीला शिकवलं होतं, पण दोन्ही संघांसमोर तो विषय तिने काढला नाही. ती वल्ह्यासारखा हात फिरवत पाणी ढवळत राहिली. एकाने सरबत पुढे केलं.

"भान नाही त्यांना. ठसका लागेल. बाबा, डोकं वर धरा."

बाबांनी डोकं धरलं. घाबरल्यामुळे जरा घट्टच धरलं.

"मालक," मागून काका कुजबुजले, "गोलकीपर बर्फाला गेलाय. गोल सताड उघडा आहे. मारून या."

"हात गुंतलेत," बाबा मान न वळवता म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "धाकटे, हा काही बोलत का नाही?"

धाकटी श्वास मोजत होती आणि तिची बोटं निळी पडली होती.

गल्लीच्या तोंडाशी सायरन ऐकू आला तेव्हा मामा कुडकुडायला लागले. एक डोळा उघडला. त्याने बर्फ पाहिला, बावीस माणसं पाहिली, मग वर पाहिलं.

"दाजी."

"बोला, मेहुणे."

"कान सोडा."

बाबांनी लेकीकडे पाहिलं.

"मामा, मी कोण?" तिने विचारलं.

"कोण म्हणजे? धाकटी. तुझ्या बापाला सांग, कान सोड म्हणून."

धाकटी टाकीच्या कडेला टेकून खाली बसली.

"सोडा, बाबा," ती म्हणाली. "पण डोकं धरून ठेवा."

बाबांनी कान सोडले आणि हनुवटी धरली.