राखलेला आवाज

"पुतळे, आवाज पोटातून काढ. वेशीवरच्या बैलानं कान टवकारला पायजे!"

तुळजाआत्या असं म्हणायची. पन्नास वर्षं होऊन गेली. आत्या धवलारीण होती, लग्नात धवले गाऊन विधी चालवायची. तिच्या मागं बसून पुतळाबाई शिकली, आणि पुढं अंजूरपासून राहनाळपर्यंत तिच्या धवल्याशिवाय नवरीला हळद लागेना. धवला दोघींनी गायचा. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं झेलायची. झेलणारी कमळ चार वर्षांमागं गेली. तेव्हापासून पुतळाबाईनं एकाही मांडवाचं बोलावणं घेतलं नाही.

मग हात थरथरू लागला. पाय जमिनीला चिकटू लागले. डॉक्टरांनी पार्किन्सन म्हटलं, गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितला. आता मंगळवारी-शुक्रवारी भिवंडीहून रिक्षानं वल्लरी येते, फिजिओथेरपीसाठी. तिनं हॉलच्या फरशीवर हात-हात अंतरावर लाल चिकटपट्ट्या लावल्यात.

"पट्टी ओलांडायची, आजी. आधी टाच. आणि गात चाला, ताल मिळाला की पाय सुटतो. तुम्ही तर गाणाऱ्या!"

"धवला मांडवाबिगर गात न्हाईत, पोरी. नेम हाय."

"मग आरती म्हणा."

"आरतीला कवा कोन चाललाय? तिथं उभंच र्‍हावं लागतं."

वल्लरी हसली. नेम तो नेम. तिनं मोबाइलवर टकटक लावली. पुतळाबाई त्या टकटकीवर दारापर्यंत आली, आणि उंबऱ्याशी पाय रुतले, लावणीच्या चिखलात रुतावेत तसे.

पूर्वी नावाच्या नातीचं लग्न एकोणीस दिवसांवर आलं होतं. मुलानं, मनोजनं, डीजेवाल्याला बजावलं होतं, "आधी माझ्या आयेचा धवला. तवर एक बटन दाबायचं न्हाय." आई हल्ली हळू बोलते, ती लग्नासाठी आवाज राखतेय, हे त्यानंच ठरवून टाकलं होतं. "आये, तू बोलू नको. नुसती मान हलव." घरातली सगळी तिच्या हातावर खडीसाखर ठेवत आणि बोलणं टाळत. काय जेवशील विचारत नसत, ताट आणून ठेवत. गावातली बातमी सांगत नसत. सांगितली तर ती चार प्रश्न विचारेल, आणि तेवढा आवाज खर्च होईल.

दुपारी मनोज गोडाऊनवर, सून बाजारात. घरात फ्रिज तेवढा घुरघुरतो. भिंत धरत धरत पुतळाबाई स्वयंपाकघरात जाते, तांदळाच्या पिंपाचं झाकण काढते, तोंड आत घालते आणि गाते.

हिरव्या मांडवाखाली कुनाची लेक न्हाली
हळदीच्या पावलांनी दारापाशी आली

'न्हाली'पर्यंतसुद्धा श्वास पुरत नाही. पिंपातून एक भुणभुण परत येते, गोमाशीसारखी. बास.

दिघाशीला एक धवलारीण आहे. पण लग्नसराई म्हणजे तिच्या तारखा भरत आलेल्या. आज सांगितलं तर मिळेल. आठवड्यानं सांगितलं तर पूर्वी धवल्याविना बोहल्यावर चढणार. आणि सांगितलं की पुतळाबाई म्हणजे मांडवातली एक म्हातारी, कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायची. रोज सकाळी ती ठरवायची, आज बोलायचं. रोज रात्री खडीसाखर चघळत झोपायची.

शुक्रवारी पूर्वी घरी होती. उंबऱ्याशी पाय रुतले तसं वल्लरी म्हणाली, "आजी, मोठ्यानं मोजा. एक, दोन."

"एक."

"ऐकू नाही आलं."

"ताई, तिला ओरडायला नका ना लावू," पूर्वी लाडात म्हणाली. "आवाज राखतेय ती. माझ्या हळदीला."

पुतळाबाईचे ओठ हलले.

"काय गं आजी?"

पुन्हा हलले. मोबाइलची टकटक चालूच होती. वल्लरीनं ती बंद केली. पूर्वी जवळ आली, आजीचा थरथरता हात तिनं दोन्ही हातांत धरला आणि कान ओठांपाशी नेला.

"राखत न्हाय, बाय. गेलाय तो. कवाच गेलाय. नेमबिम काय न्हाय, मना लाज वाटत व्हती. दिघाशीच्या बाईला आत्ता फोन लाव." तिनं श्वास घेतला. "आनि तुमी बोला गं माज्याशी. कोनीच बोलत न्हाय."