पत्र्याची गाडी आणि गेटचा नंबर

माझी बायको हेमांगी गेली हे मला दुपारी सव्वातीनला कळलं. ती गेली होती एक वाजता.

मी बोईसरला एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत फिटर आहे. आमच्याकडे मोबाइल आत नेता येत नाही, ठिणगीची भीती असते. गेटवर पत्र्याचे छोटे लॉकर आहेत. फोन त्यात ठेवायचा, किल्ली खिशात घालायची आणि आत जायचं. त्या दिवशी पहिली पाळी संपवून बाहेर आलो तर गेटवरचा पंढरी म्हणाला, "एकनाथदादा, तुमचा लॉकर सकाळपासून थरथरतोय. मी म्हटलं, लोनवाले असतील."

लॉकर उघडला. एकोणीस मिस कॉल होते. पहिले तीन हेमांगीचे. दहा बावीस, दहा चोवीस, दहा एकतीस. मग शेजारच्या वत्सलावहिनींचे आणि माझ्या मुलीचे, प्रियंकाचे. हेमांगी ओट्याजवळ पडली होती. डोक्यात रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. लवकर आणलं असतं तर काय झालं असतं, हे मी त्यांना विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

तेव्हापासून मला पत्र्याच्या आवाजाची भीती बसली. डब्याचं झाकण पडलं तरी दचकतो. प्लांटमध्ये असलो की वाटतं, लॉकर वाजतोय. एवढ्या लांबून ऐकू येणार नाही हे कळतं, तरी जेवणाच्या सुट्टीत गेटपर्यंत जाऊन बघून येतो.

दोन महिन्यांनी जावई प्रफुल्ल आमच्या सालवडच्या खोलीवर एक चपटं पाकीट घेऊन आला. तो पालघरजवळ कोळगावला कचेरीत आहे. मॉडेल गाड्या जोडायचा त्याला नाद आहे. पाकिटात स्टीलचे दोन पातळ पत्रे होते, त्यात जुन्या जीपचे सगळे भाग कापलेले.

"बाबा, हात कामात राहिला की डोकं गप बसतं," तो म्हणाला.

"दिवसभर हातच तर चालतो माझा."

"तो कंपनीचा. हा तुमचा."

त्याने पहिला भाग जोडून दाखवला. छोट्या कटरने भाग पत्र्यातून सोडवायचा. त्याला बारीक कान असतात. ते समोरच्या भागाच्या फटीत घालायचे आणि चिमट्याने वाकवायचे. गोंद नाही, स्क्रू नाही.

"एकच ध्यानात ठेवा, कान एकदाच वाकवायचा. सरळ करून परत वाकवला की तुटला. म्हणून आधी नुसतं लावून बघायचं, खात्री झाली की वाकवायचं."

मी तीस वर्षं पंप बसवतोय. शंका आली की खोलायचा आणि परत बसवायचा, हे माझ्या हातात भिनलंय. बॉनेट बसवलं आणि वाटलं, उलटं तर नाही? कान सरळ केले. बॉनेट बरोबरच होतं. परत वाकवताना दोन कान तुटले. मग दाराचं तेच झालं. प्रफुल्लला फोन केला तर तो हसला. "बाबा, जीप हाय ती, त्यातून ॲसिड नाय गळणार!" त्याने दुसरं पाकीट पाठवलं.

प्रियंकाला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, अशी आमची रीत आहे आणि आठव्यात प्रवास करत नाहीत. ती पालघरहून रोज फोन करायची.

"बाबा, मी येऊ ना घरी?"

"तिकडे दवाखाना जवळ हाय तुला."

"बोईसरला काय दवाखाने नाय? आई असती तर विचारावं लागलं नसतं मला."

मी म्हणालो, "गाडी पुरी होऊ दे, मग बघू."

हे बोलून मी मोकळा झालो. मग गाडी पुरी होईना. संध्याकाळी एक भाग जोडायचो आणि शंका काढून तो खोलायचो. खरी भीती होती ती प्रियंका येण्याची. ती घरात एकटी असेल, मी आत असेन आणि लॉकर थरथरत राहील.

सातवा संपायला आठवडा उरला होता. रविवार होता. मी टेबलावर मागची चाकं जोडत होतो. फोन मी सवयीने समोरच ठेवलेला, त्याच्याखाली भाग काढून उरलेला पत्रा. अचानक पत्रा थरथरायला लागला. तोच आवाज. मला कळत होतं की फोन वाजतोय. नाव दिसत होतं, प्रियंका. चिमटा माझ्या हातात होता आणि हात पुढे जाईना. फोन बंद झाला. परत वाजला. परत बंद झाला. मी बघत बसलो.

वत्सलावहिनी स्वतःचा फोन घेऊन धावत आल्या. "भावोजी, जिते हाव ना तुमी? पोरगी रडते हाय! समोर फोन हाय न् उचलत नाय?"

मी त्यांचा फोन कानाला लावला. प्रियंकाला काही झालं नव्हतं. तिला आईच्या मऊ साड्या बाळाच्या दुपट्यांना हव्या होत्या, एवढंच. पण मी उचलला नाही म्हणून ती घाबरली होती.

"मला भीती वाटते गं," मी म्हणालो. "तू इथे असशील न् मी आत."

तिने विचारलं, "गेटवर साधा फोन असेल ना, बाबा? लँडलाइन?"

या प्रश्नाचीच मला पहिल्या दिवसापासून भीती होती.

"हाय."

"त्यावर सांगितलं तर तुला बोलवतात?"

"पाच मिनिटांत."

"आईकडे होता तो नंबर?"

"नव्हता." मला पुढे बोलायलाच हवं होतं. "मला पाठ हाय. घरी कधी दिलाच नाय. कधी लागलाच नव्हता."

वत्सलावहिनी दारात उभ्या होत्या, त्या खाली बघायला लागल्या.

"मला सांग," प्रियंका म्हणाली. मी नंबर सांगितला. तिने एकेक आकडा परत म्हणून दाखवला. मग म्हणाली, "ओट्याच्या वर भिंतीवर लिही. मोठा. मी गुरुवारी येते."

"गाडी अजून..."

"गाडी राहू दे, बाबा."

आज बुधवार. साड्या काढून ठेवल्या आहेत. मागची चाकं बसली, ती मी खोलून बघितली नाहीत. बॉनेट राहिलंय. काळा मार्कर ओट्यावर तीन दिवस पडून आहे. हेमांगी पडली तिथे उभं राहिलं की तो उघडवत नाही. नंबर भिंतीवर लिहायचा राहिलाय.