पहिलं पाणी वाहू द्या

मी पावसाच्या पाण्याची टाकी बोलतेय. हवाई बेटावर, किलाउएया ज्वालामुखीपासून चार मैलांवर, नरेंद्रकाका आणि कांचनकाकूंच्या घरामागे मी उभी असते. आमच्या गल्लीत सरकारी नळ नाही. छपरावरचा पाऊस पन्हळीतून पाइपने माझ्यात उतरतो आणि गाळणीतून घरात जातो. या घरातला चहा, वरण, आंघोळ, सगळं माझ्या जिवावर. थोडा गर्व आहे मला, कबूल करते.

मी इथे आले ती पत्र्याचे तुकडे होऊन, हिलो शहरातून, ट्रकवर. अंगणात बोल्ट आवळून मला गोल केलं आणि आत जाड काळं प्लास्टिक अंथरलं. काका तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. पहिला पाऊस माझ्यात पडला तेव्हा ते छत्री विसरून ऐकत उभे राहिले.

काका मूळचे मनमाडचे. लहानपणी पंधरा-पंधरा दिवस नळाची वाट पाहिलेला माणूस! रोज सकाळी ते बोटांच्या पेरांनी मला खालून वर ठोकत जातात. आवाज बद्द येतो तिथवर पाणी, खणखणला की रिकामी. मग घराकडे तोंड करून ओरडतात, "कांचन, पाऊण!" काकू म्हणतात, "बरं." पाऊण असली काय नि अर्धी असली काय, काकूंचं उत्तर तेच.

आमचा डोंगर दर दोन-तीन आठवड्यांनी लाव्हाची कारंजी उडवतो. लोक विमानाने बघायला येतात, काकू ओट्यापाशी उभ्या राहून बघतात. वाऱ्याचा रोख इकडे असला की काळी खडी आणि लाव्हापासून झालेल्या काचेचे सोनेरी केस छपरावर पडतात. शेजारचे केओनी अंकल त्यांना पेले या ज्वालामुखीच्या देवीचे केस म्हणतात. नियम सोपा आहे. डोंगर उसळणार अशी फोनवर सूचना आली की माझा पाइप काढायचा, आणि पहिल्या पावसाने छप्पर धुऊन निघेपर्यंत जोडायचा नाही.

या वर्षी सहा आठवडे पाऊस नव्हता. माझं पाणी तळाला गेलं होतं, आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या शुगर लँडहून लेक अनिका यायची होती. ती आधीच म्हणत होती, "ज्वालामुखीशेजारी कोण राहतं यार? घर विका, माझ्याकडे या." अशात सूचना आली. काकांनी पाइप काढला आणि डोंगर उसळला. दुसऱ्या दुपारी धो धो पाऊस आला आणि छपरावरचं पाणी गवतात वाहू लागलं.

काकांना ते बघवेना. "थेंबे थेंबे तळे साचे," पुटपुटत ते आले आणि त्यांनी पाइप जोडला. नको, नको, असं ओरडावंसं वाटलं मला. पण टाकीला तोंड असतं ते फक्त पाणी घ्यायला. माझ्या पोटात काच उतरत गेली.

दहा दिवसांनी अनिका आली, आणि त्याच सकाळी गाळणी तुंबली. तिने ती उघडली, तर आत काळा रेंदा आणि चकाकणारे काचेचे तुकडे.

"बाबा, what is this? तुम्ही हे पाणी पिताय? बस झालं. धिस इज इट. घर विका."

काकू अळवाच्या वाफ्याकडे बघू लागल्या. त्यांनी या अंगणात अळू लावलंय, कढीपत्ता वाढवलाय. घर गेलं तर मीही भंगारात जाणार, या विचाराने मला धडकी भरली.

काका खाली बघत म्हणाले, "डोंगराचा दोष नाही गं. त्याने आदल्या दिवशी सांगितलं होतं. पाइप मी जोडला. मला पाणी जाताना बघवलं नाही."

मग त्यांनी स्वतः तळाचा व्हॉल्व्ह उघडला. पाणी भसाभस नेच्यांच्या झाडीत गेलं. मला ठोकणारा त्यांचा हात त्या दिवशी नुसता माझ्या पत्र्यावर ठेवलेला होता. अनिकाने तो पाहिला. तिने गमबूट चढवले, आत उतरली आणि दोन तास मला घासत राहिली. केओनी अंकलनी पिकअपमधून पाण्याचे कॅन आणले. काकूंनी सगळ्यांना थालीपीठ वाढलं.

पाचव्या दिवशी फोनवर पुन्हा सूचना वाजली. काका चपला शोधेपर्यंत अनिका धावली. "बाबा, I got it!" पाइप निघाला. डोंगर उसळला, खडी ताडताड पडली, आणि संध्याकाळी पाऊस आला. छपराचं पाणी गवतावर सांडत होतं. काका पडवीत हात मागे बांधून उभे होते.

"जोडू का आता?" अनिकाने विचारलं.

"थांब. वाहू दे," काका म्हणाले. मनमाडच्या माणसाच्या तोंडून हे ऐकलं आणि मला भरून आलं, पोट रिकामं असूनही.

छप्पर स्वच्छ धुऊन निघाल्यावरच पाइप जोडला, आणि त्यानंतरच्या पावसाने मी भरत गेले. अनिका परवा परत गेली. घर विकायचा विषय तिने पुन्हा काढला नाही. पुढच्या वेळी दोन आठवडे येईन म्हणाली.

तुमच्याही घरामागे माझ्यासारखी कुणी असेल, तर तिच्यासाठी एवढं करा. पहिलं पाणी जाऊ द्या. आणि रोज तिला ठोकून विचारत जा, बरी आहेस ना? निघायच्या सकाळी अनिकाने मला खालून वर ठोकलं, थोडी थांबली, आणि घराकडे तोंड करून ओरडली, "आई, अर्धी!"

"बरं," काकू म्हणाल्या.