शेवटचं रीळ उलटं लागलं तेव्हा

मी शेवटचं रीळ बोलतोय. हो, शेवटचंच! सिनेमा संपवणारं. माझ्या आधीची रिळं नुसता पसारा घालून जातात, आवरायचं कोणी? मी. पब्लिक रडतं ते माझ्यावर, शिट्ट्या मारतं त्या माझ्यावर, आणि अंधारात पायानं चपला शोधायला लागतं तेही माझ्याच वेळी. थोडा मान द्या, एवढंच म्हणणं आहे.

आमचा सिनेमा साहसाचा. दोन जिवलग दोस्त, काफिल्याचे पहारेकरी, डोंगर ओलांडून परक्या मुलखात जातात. एकाला राज्य मिळतं. मग त्याला राज्याचं साम्राज्य करायची हाव सुटते, आणि ज्या दोस्तानं लढाया जिंकून दिल्या त्यालाच तो कोठडीत टाकतो. शत्रू चालून येतो, खुशमस्करे पळून जातात, आणि दोस्त तेवढा कोठडी फोडून राजासाठी परत येतो. इथून पुढे मी. नदीला पूर, दोस्त बुडतोय, राजा काठावर, डोक्यावरचा मुकुट घसरतोय. मुकुट धरायचा की दोस्ताचा हात? राजा हात धरतो. मुकुट नदीत, दोघं गळ्यात गळा, समाप्त. मोठमोठे मिशाळ गडी डोळ्यांत कचरा गेल्याचं सोंग करत बाहेर पडायचे.

मी ज्या थिएटरात आलो ते दोन मित्रांनी मिळून चालवायला घेतलं होतं. शाळेत एका बाकावर बसून दोघं एकाच वर्षी नापास झाले, तेव्हापासूनची ही मैत्री. बुटका तिकिटाच्या खिडकीत बसायचा. तोंडाचा असा गोड, की घरी निघालेला माणूस तिकीट काढून आत जायचा. उंच तो ऑपरेटर, वरच्या मशीनच्या खोलीत. दिवसभरात दहा शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी. त्याची भरपाई त्याची बायको करायची.

तिचं काम रिळं गुंडाळायचं. पडद्यावर जाऊन आलेल्या रिळाचा शेवट बाहेर येतो आणि सुरुवात पोटात जाते. म्हणून प्रत्येक खेळानंतर ते हँडल फिरवून पुन्हा सुलट करावं लागतं. बाई हे करता करता जगाचा उद्धार करायची. कुठल्या रिळावर चरा आहे, कुठल्या नायिकेची ओढणी मध्येच रंग बदलते, सगळं तिला पाठ.

सिनेमा चालला. चालला म्हणजे काय, धावला! लोक पुन्हा पुन्हा यायला लागले आणि बुटक्याच्या डोक्यात वारं शिरलं. त्यानं लाल मखमलीची खुर्ची आणली. "मी"चा "आम्ही" झाला. भिंतीवर नकाशा लावला आणि जिथं म्हणून पडदा टांगता येईल तिथं खुणा केल्या. ऑपरेटरची बायको चेष्टेनं "महाराज" म्हणाली, तर गडी खूश! तेव्हापासून सगळेच महाराज म्हणायला लागले.

मग महाराजांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसरं थिएटर घेतलं. पण सिनेमाची प्रत एकच. तोड काय, तर इथं रीळ संपलं की गुंडाळायचं, सायकलवर घालायचं आणि तिकडं पोचवायचं. तिकडचा खेळ जरा उशिरा सुरू. सायकल कोणी हाणायची? वहिनींनी, म्हणजे ऑपरेटरच्या बायकोनं. आणि तिकडं मशीनवर कोण? महाराजांचा मेहुणा. तो आधी पंखे दुरुस्त करायचा. गरगर फिरणारं सगळं एकच, असं त्याचं मत होतं.

उद्घाटनाच्या दिवशी माझ्या आधीची रिळं तिकडं पोचेपर्यंत वहिनींचा जीव मेटाकुटीला आला. मी मशीनवरून उतरलो, त्यांनी हँडल हातात घेतलं, तोच महाराज धापा टाकत वर आले.

"वहिनी, तिकडं पाहुणे ताटकळलेत! काय चाललंय?"

"भावोजी, मी माणूस आहे, वारा नाही. तिकडच्यासाठी दुसरा कुणी ठेवा."

ऑपरेटर म्हणाला, "बरोबर बोलतेय ती. हे झेपणारं नाही, राजा. एक थिएटर पुरे आपल्याला."

"आपल्याला?" महाराज तडकले. "डोकं माझं, धंदा माझा. तू मशीन फिरवतोस. नोकरानं मालकाला शिकवू नये!"

वहिनींनी हँडल सोडलं. ऑपरेटर एवढंच म्हणाला, "उद्यापासून मी नाही." महाराजांनी मला तसाच उचलला, डब्यात कोंबला आणि सायकलवर टांग मारली.

अहो, मी गुंडाळलेला नव्हतो! ओरडून सांगितलं असतं, पण रिळाला आवाज मशीनवरच फुटतो.

मेहुण्यानं मला चढवला. पडद्यावर पहिल्यांदा आलं "समाप्त", तेही उलटं. मग नदी वर, आकाश खाली, माणसं डोक्यावर उभी. गळ्यात गळा घातलेले दोस्त वेगळे झाले. राजानं दोस्ताचा धरलेला हात सोडला, दोस्त पुरात गेला, आणि वाहून गेलेला मुकुट पाण्यातून निघून थेट राजाच्या डोक्यावर येऊन बसला!

काय हशा पिकला म्हणून सांगू! लोक खुर्च्यांवरून खाली. कुणीतरी ओरडलं, "बघा, बघा, मुकुटासाठी दोस्ताला बुडवला!" मेहुणा मशीनला थापडा मारत होता. सगळ्या थिएटरात एकटे महाराज हसत नव्हते. मखमलीच्या खुर्चीत ते पांढरेफटक पडले होते.

मग ते उठले, वर आले आणि मला ओढून काढायला लागले. मेहुणाही ओढायला लागला. त्या झटापटीत मी महाराजांच्या गळ्यात, काखेत, कमरेला, जिथं जागा मिळेल तिथं गुंडाळला गेलो. तशाच अवतारात त्यांनी सायकल हाणली. वाटेत कुत्री मागे लागली, त्यांना तरी काय दोष द्यायचा?

इकडं ऑपरेटर आपला पाना-पक्कड पिशवीत भरत होता.

"नोकराला न्यायला मालक स्वतः आले?" तो म्हणाला.

"मी तुला पाण्यात टाकलं रे," बुटका म्हणाला आणि मटकन खाली बसला. "सगळ्यांनी पाहिलं. सगळे हसले. मला ती थिएटरं नकोत, काही नको. तू जाऊ नकोस. तुझ्याशिवाय मला कोण आहे?" आणि हा बोलका माणूस लहान पोरासारखा हमसून रडायला लागला.

ऑपरेटरनं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "ऊठ. हलू नकोस. रीळ तुटेल."

"अगं बाई, नुसतं उठून काय होतंय?" वहिनींनी माझं टोक चक्राला लावलं. "भावोजी, गोल फिरा. हळू! डोळे आधी पुसा, फिल्मवर डाग पडतात."

आणि वहिनी हँडल फिरवतायत, महाराज जागच्या जागी गिरक्या घेतायत, ऑपरेटर माझी कड बोटांत धरून हसू दाबतोय, असा मी सुलट झालो. मग दोघं एकाच सायकलवर निघाले. बुटका पुढे, उंच मागे, मी मांडीवर. पब्लिक बसलेलंच होतं. खरा शेवट पाहून त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "आता पुन्हा उलटा लावा!"

दुसरं थिएटर त्यांनी लवकरच सोडलं. एकच उरलं, ते म्हातारे होईपर्यंत चालवलं. मग तेही बंद झालं.

आता मी ऑपरेटरच्या घरी माळ्यावर असतो. अंगाला आंबूस वास येतो, कडा चुरतात. वहिनी म्हणतात, "फेका ते मढं." बुटका रोज चहाला येतो. तो म्हणतो फेकू, तर ऑपरेटर म्हणतो ठेवू. दुसऱ्या दिवशी ऑपरेटर म्हणतो फेकू, तर बुटका कपाळाला हात लावतो, "अरे, काळीज आहे का तुला?" मग कपातला चहा गार होईपर्यंत जुंपते, आणि निघताना ठरतं, की उद्या बघू.

तेव्हा बाबांनो, कृपा करून यांच्यात पडू नका, कुणाची बाजू घेऊ नका. हे दोघं भांडतायत तोवर मला मरण नाही.