मला उंच बांधू नका

मित्रांनो, देवळात शिरलात की तुम्ही घंटा वाजवता, डोकं टेकता, प्रसादासाठी हात पुढे करता आणि निघता. वर आढ्याकडे कुणी बघतं का? नाही बघत. मी तिथंच होतो, सुंभाच्या दोन फासांत अडकवलेला, धूळ खात. मी माउलीच्या, म्हणजे आमच्या गावदेवीच्या, पालखीचा जुना दांडा. पालखी सगळ्यांना ठाऊक असते. ती ज्याच्यावर लोंबते त्याची विचारपूस करायला कुणाला वेळ नसतो. असो. आज मी बोलणार आहे, आणि जरा वैतागूनच बोलणार आहे. तेवढं सोसून घ्या.

माझा जन्म काळी नदीकाठच्या सागवानी रानातला. अंमल इंग्रजांचा. जंगलखात्याच्या साहेबाकडे चार खेटे घातले तेव्हा कुठं गावाला मला तोडायचा परवाना मिळाला. सुतारानं मला वर्षभर सावलीत वाळवलं, रंधा मारला, तेल पाजलं आणि दोन्ही टोकांना पितळेची वाघतोंडं बसवली. "ह्याला म्हस टांगली तरी वाकायचा न्हाई," असं म्हणून त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेचा मला फार अभिमान वाटला होता.

पण मला काम किती? दसऱ्याला एकदा, शिमग्याला एकदा. बाकी वर्षभर आढ्याला. नियम मात्र खंडीभर! मला उपाशीपोटी, ओलेत्यानं आलेल्या पुरुषानंच शिवायचं. घरात कुणी मेलं असेल तर सुतक, बाळ जन्मलं असेल तर सुवेर; अशा घरच्यानं लांब उभं राहायचं. बाईमाणसानं माझ्या सावलीतूनसुद्धा जायचं नाही. हे सगळं सांभाळायचे देवळाचे मुख्य मानकरी, येसाजी गावकर. माणूस लबाड नव्हता. त्यांच्या वडिलांनी एकदा सुतकात पालखी काढली आणि त्याच पावसाळ्यात गावची निम्मी गुरं रोगानं मेली. लहानग्या येसाजीनं ती गुरं पुरताना बघितली होती. तेव्हापासून एकही नियम मोडायची त्यांची छाती होत नसे.

माझा एकच विरंगुळा होता, कीर्तन. श्रावण लागला की खानापूरकडून विठ्ठलबुवा येत आणि चार महिने गावात राहत. टाळ वाजू लागले की माझ्या अंगातला लाकूडपणा निघून जाई. त्या वर्षी बुवांनी मगरीनं पाय धरलेल्या हत्तीची कथा लावली होती. हत्तीनं सोंड वर करून हाक मारली आणि देव असा धावला, की त्याला पायात काही घालायचंही सुचलं नाही! बुवांनी ते असं गायलं की सगळा मंडप रडला. सगळ्यांत जास्त रडले येसाजी. पंचा भिजून चिंब. बाहेर बायकांत बसलेली रुक्माही पदरानं डोळे पुसत होती. ही रुक्मा म्हणजे बायकांतली येसाजी. तिची सून फुला आठव्या महिन्यातसुद्धा न धुतलेल्या पायांनी स्वयंपाकघरात गेली म्हणून तिनं चूल पुन्हा सारवायला लावली होती.

आणि आता ऐका, दुसऱ्याच दिवशी काय झालं ते.

कीर्तन संपलं त्या रात्रीच फुलाच्या कळा सुरू झाल्या आणि ती रात्रभर अडली. सुईण हात टेकून बसली. सुप्याच्या पेठेत सरकारी डाक्टर होता, पण वाट तीन कोसांची, चिखलाची आणि चढणीची. फुलाचा नवरा लाडू आणि तिघे गडी तिला घोंगडीच्या डोलीत घालून उजाडताच निघाले. डोलीला वेळूचा दांडा. आता, त्या सालात आमच्या अख्ख्या रानातले वेळू फुलले होते, आणि वेळू एकदा फुलला की मरतो. वरून उभा, आतून भुसा. ओढ्याच्या चढाला तो काटकन मोडला आणि फुला चिखलात पडली. लाडूनं धावत जाऊन एक ओला सोट तोडून आणला. तो धनुष्यासारखा वाकला आणि तिची पाठ दगडांना घासू लागली. तसंच उचलून तिला परत आणलं आणि देवळासमोरच्या फणसाखाली, वर इरलं धरून ठेवलं.

लाडूनं देवळात येऊन वर बघितलं. माझ्याकडे.

"गावकर," तो म्हणाला, "तेवढा दांडा द्या. सांजपर्यंत आणून देतो."

येसाजींनी कानावर हात ठेवले. "खुळा हायस काय रं? द्येवीचा दांडा बाळंतिणीला?"

कीर्तनाच्या जागी बसलेले बुवा उठले. "गावकर, बाळंतीण कुठली? सुवेर पोर जन्मल्यावर लागतो. अजून जन्मलंय कुठं?"

"आणि वाटंत जन्मलं तर?"

"तर वाटेत उतरवून ठेवतील दांडा!"

"आणि बाळंतीण?"

बुवांनी कपाळाला हात लावला. मला कपाळ नाही, नाहीतर मीही लावला असता.

"बुवा, कीर्तन तुमी सांगा," येसाजी म्हणाले. "गावचा रिवाज आमाला ठावं हाय. माउलीला कौल लावू. ती देते म्हणाली तर मी कोण न्हाई म्हणणार?"

कौल म्हणजे काय ते सांगतो. देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना पाण्यानं एकेक पाकळी चिकटवायची आणि हात जोडून बसायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उन्हाळ्यात पाणी भराभर सुकतं, घटकाभरात एक तरी पडते. पण अरे, तो श्रावण होता! गाभाऱ्याच्या भिंतीतून पाणी पाझरत होतं. ओल्या दगडाला ओली पाकळी. ती कसली पडते? मी वरून सगळं बघत होतो. माझा जीव तुटत होता आणि खाली पंचवीस माणसं डोळे मिटून बसली होती. बाहेर फुला कण्हत होती. आदल्या दिवशी हत्तीसाठी रडलेली हीच माणसं, मित्रांनो! हत्ती कथेतला होता म्हणून बरं. आमच्या ओढ्यात असता तर त्याच्यासाठीही कौल लावला असता.

एक घटका गेली. दुसरी गेली. येसाजींनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, तरी ते जागचे हलले नाहीत. मला त्यांची कीव येत होती आणि रागही. माझ्या टोकाला दोन दोन वाघ, पण त्यांतल्या एकालाही डरकाळी फुटेना.

मग बाहेरचं कण्हणं थांबलं.

लाडू "फुला, फुला" करत फणसाकडे धावला. आणि त्याच्या उलट दिशेनं, देवळाकडे, त्याची आई आली. रुक्मा. केस भिजलेले, हातात कोयता. उंबऱ्याशी ती थबकली. साठ वर्षांत तिनं तो ओलांडला नव्हता. मग ओलांडला.

"रुक्मा!" येसाजी ओरडले. "मागं हो! इटाळ!"

"व्हय भावजी, इटाळ," ती म्हणाली. "आता झालाच. परत परत वरडू नगासा."

ती सरळ माझ्या सावलीत येऊन उभी राहिली आणि देवीकडे बघून म्हणाली, "आये, तुजं फूल तू सावकाश पाड. मला घाई हाय. पाप लागलं तर माज्या पदरात घाल, पोरीच्या न्हाई."

आणि मृदंगाच्या चौथऱ्यावर चढून तिनं सुंभ छाटला.

मी धाडकन खाली आलो. कुणी हात लावीना. तेव्हा बुवांनी उपरणं कमरेला गुंडाळलं आणि माझं एक टोक खांद्यावर घेतलं. दुसरं लाडूनं. मग लाजून बाकीचेही उठले. घोंगडी बांधली, फुलाला घातलं. तिचा श्वास चालू होता, अगदी बारीक. देवीची पालखी मी किती मिरवली, पण वजन म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तीन कोस बुवा "माउली, माउली" म्हणत धावले. पायात काही नव्हतं. मी वाकलो नाही. सुताराच्या थापेची आण.

डाक्टरानं शर्थ केली. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली आणि फुला वाचली. सुवेर लागलाच म्हणायचा, आणि चांगल्या खणखणीत आवाजात लागला.

गावाकडे काय झालं? आमच्या मागोमाग सगळेच बाहेर पळाले होते, येसाजीसुद्धा. परत गाभाऱ्यात गेले तेव्हा दोन्ही पाकळ्या खाली पडलेल्या. आधी कुठली पडली, कुणी बघितलं नव्हतं. येसाजी त्या पाकळ्यांकडे कितीतरी वेळ बघत बसले म्हणे.

मला मात्र शिक्षा झालीच. माझी वाघतोंडं काढून नव्या दांड्याला बसवली. मला देवळामागच्या वळचणीला टाकलं. रुक्माला वर्षभर कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. मला ओल लागली, कोंबड्या अंगावर बसू लागल्या. ज्यानं जीव वाचवला त्याची ही जागा? पण एके दिवशी कुणाला साप चावला आणि माणसं मला न्यायला आली. मग झाडावरून पडलेला एक जण. मग तापानं फणफणलेलं पोर. "रुक्माचा दांडा आणा रं!" अशी हाक सुरू झाली. देवीचा होतो तेव्हा वर्षाला दोनदा निघायचो. विटाळलो आणि मला उसंत मिळेना.

दहा वर्षांनी येसाजी भाताच्या खाचरात घसरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. डोली घेऊन लाडू आला, मागून रुक्मा, आता केसांनी पुरती पांढरी. येसाजींनी मला ओळखलं.

"काय भावजी," रुक्मा म्हणाली, "लावू का कौल? श्रावण हाय. परवापर्यंत पडंल की पाकळी."

येसाजींना दुखता दुखता हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. "उचल गं बाई," ते म्हणाले. वाटभर त्यांनी एक हात वर करून मला धरून ठेवलं होतं. पडू नये म्हणून नव्हे. डोली घट्ट होती.

बरे झाल्यावर त्यांनी गाव जमवलं. मला धुवावं, तेल लावावं आणि मानानं पुन्हा आढ्याला बांधावं, असं ते म्हणाले. मी घाबरलोच! पण रुक्मा होती. "वर नगं," ती म्हणाली. "भाईर दाराशी ठेवा. बाईमाणसाचा हात पोचंल तिथं."

तिथंच आहे मी. मित्रांनो, नियम पाळा, अंघोळी करा, उपास करा, माझी काही ना नाही. पण बाहेर कुणी कण्हत असेल तर पाकळीकडे बघत बसू नका. आणि माझ्यासारखं काही तुमच्या घरी, देवळात असेल, तर त्याला तेल लावा, वाळवीपासून जपा. फक्त एवढं करा, त्याला उंच बांधू नका.